निकालाच्या दिवशी पोराला काय म्हणायचं?

पालकहो, निकाल हातात आला की जुन्नर-आंबेगावच्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "याचं डोकंच चालत नाही." पोरगं तिथंच दाराशी उभं असतं आणि ते वाक्य खरं मानून चालायला लागतं. त्या वाक्याविषयीच तुमच्याशी बोलायचं आहे.

नारायणगावच्या बाजारात कोथिंबीर शेकड्यावर विकली जाते. बापाबरोबर आलेल्या सातवी-आठवीतल्या मुलाला विचारा, साडेतीनशे जुड्या, शेकडा बाराशेचा भाव, गाडीभाडं सहाशे, हातात किती राहिले? तीनशेचे छत्तीसशे, वरच्या पन्नासचे सहाशे, भाडं गेलं, छत्तीसशे उरले. कागद नाही, पेन्सिल नाही. हाच मुलगा परीक्षेत शेकडेवारीचं गणित कोरं सोडून येतो. मग त्याचं डोकं चालतं की नाही?

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा याच अंगानं अभ्यास केला. 2025 मध्ये तो 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. विक्रीचा हिशेब चोख करणारी ही मुलं वहीतल्या साध्या वजाबाकी-भागाकाराला अडखळली. आणि दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची : वहीतली गणितं बरी सोडवणारी शाळकरी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडखळली. म्हणजे एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. ते कुणीतरी नेऊन पोचवावं लागतं.

आपल्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूला, शाळेबाहेरचं हे शिकणं आणखी ठळक दिसतं. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं लहान फळ, कोवळा असतानाच काढावा लागतो, नीट वाळवावा लागतो. दिवस हुकले आणि फळ मोठं झालं, की भाव पडतो. कुठल्या झाडाला फळ कधी धरतं, आज उतरवायचं की आणखी थांबायचं, हे आईबरोबर रानात फिरणारी मुलगी ओळखते. उतारावर दगडांचे बांध घालून भातखाचरं तयार करायची, त्या पडकईच्या कामात पाणी कुठून फुटेल हे जाणत्या माणसाला नुसत्या नजरेनं कळतं. निरीक्षण, अंदाज, पडताळा : विज्ञानाचा अभ्यास म्हणतात तो हाच. पण प्रगतिपुस्तकात याला रकाना नाही. मुलींच्या बाबतीत तर घरातही याची दखल घेतली जात नाही, ते 'काम' म्हणूनच मोजलं जातं. याचं मला फार वाईट वाटतं.

मग परीक्षेतले गुण नेमकं काय सांगतात? मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये थेओदोर सिमों यांच्यासह बुद्धीची पहिली चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे शोधण्यासाठी. बुद्धी जन्मभर एकाच आकड्यावर थांबते हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. कमी गुण म्हणजे 'इथं मदत हवी' एवढाच निरोप, तो शिक्का नव्हे.

पण कृपा करून उलट्या टोकालाही जाऊ नका. "शाळेत काय ठेवलंय, हिशेब येतो ना, बस गाळ्यावर" हे ऐकायला कौतुकासारखं वाटतं, पण त्यानं पोराची वाट तिथंच बंद होते. बाजारात डोकं चालतं, तर ते वहीतही चालवता येईल.

बाजारातून घरी परतल्यावर मुलाला तोच हिशेब कागदावर मांडायला सांगा. मांडणी चुकली तर ओरडू नका, तोंडी कसा केला ते विचारा आणि तेच शब्द ओळीनं लिहायला लावा. मुलीला हिरड्याच्या झाडांची नोंद ठेवायला एक वही द्या. दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनानिमित्त खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात शाळांची प्रदर्शनं लागतात, तिथं दोघांनाही घेऊन जा आणि कुठल्या प्रयोगापाशी ती रेंगाळतात ते बघा. आणि पुढच्या पालकसभेत गुण विचारून झाले की बाईंना सांगा, "हा शेकड्याचा भाव तोंडी करतो. शेकडेवारी त्याला तिथून शिकवून बघाल का?"