केळीचें पान व भाजल्याची जखम

आपल्या फैजपूरच्या शिवारांत केळीच्या पानाचें कौतुक तें काय? भरिताची पंगत उठली, कीं तें उकिरड्यावर जातें. आम्हीहि ह्या पानावर वर्षानुवर्षें जेवलों. त्याचा दुसरा कांहीं उपयोग असेल, हा विचार आम्हांस शिवला नाहीं. तो सुचला मुंबईच्या एका शस्त्रवैद्य विदुषीस.

भाजलेल्या रोग्यास पट्टी बदलतांना असह्य यातना होतात. त्वचेचा वरचा थर जळाला, तरी केसांच्या मुळांशीं व घर्मग्रंथींत जिवंत पेशी उरतात आणि त्यांतूनच नवी त्वचा पसरूं लागते. परंतु कापडी पट्टी जखमेस चिकटते, व ती ओढतांना ही कोवळी त्वचाहि सोलून निघते. १९८५ सालीं मुंबईच्या डॉ. केसवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी सुचविली. पण साल ती केवढी! मोठी जखम झांकावयास बटाटे तरी किती सोलावे?

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांतील डॉ. माधुरी गोरे यांनीं केळीचें पान निवडलें. तें रुंद, गुळगुळीत, मेणचट. जखमेस चिकटत नाहीं. पानें कापडावर डकवून, दाबाच्या वाफेंत निर्जंतुक करून त्यांनीं वापरलीं. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत दोन्ही पट्ट्या सारख्याच गुणकारी ठरल्या. पानाची मात्र ११ पट स्वस्त!

घरीं कोणी भाजल्यास मळ्यांतील पान तोडून लावूं नये. तें निर्जंतुक नसतें. भाजलेला भाग वीस मिनिटें वाहत्या थंड पाण्याखालीं धरावा व रोग्यास दवाखान्यांत न्यावें.