जीपची उंची, मोटारीची चाल : एका नव्या गाडीपासून व्यापाऱ्यांनी घ्यावयाचा धडा

रस्त्यावर आता उंच बांध्याच्या गाड्या जिकडेतिकडे दिसतात. त्यांतील पुष्कळशा गाड्यांना 'क्रॉसओव्हर' म्हणतात. दिसायला जीप, चालवायला मोटार, असा हा प्रकार. त्यातील महागड्या गाड्यांची वाट घालून दिली ती टोयोटा कंपनीच्या लेक्सस आरएक्स ३०० या गाडीने. आपल्यापैकी फार थोड्यांना अशी गाडी घ्यायची असेल. पण ती बाजारात कशी उतरली, हे समजून घेणे लहान दुकानदाराच्या आणि कारागिराच्याही उपयोगाचे आहे.

गिऱ्हाईक काय मागत होते?

१९९० नंतर अमेरिकेत मोठ्या जीपवजा गाड्यांचा खप वाढत गेला. या गाड्यांची बांधणी ट्रकसारखी असे. खाली लोखंडी चासीची जाड चौकट आणि तिच्यावर बोल्टांनी बसविलेली बॉडी. डोंगर, चिखल, ओझे ओढणे यासाठी ही बांधणी योग्यच. परंतु घेणारे बहुतेक शहरातले. मुलांना शाळेत सोडायचे, बाजारहाट करायचा, एवढाच त्यांचा वापर. त्यांना उंच बैठक आणि भरपूर जागा हवी होती, बर्फात चारही चाकांचा जोर हवा होता. चढताना उंच पायरी, रस्त्यावरचे धक्के आणि पेट्रोलची उधळपट्टी मात्र नको होती.

म्हणजे गिऱ्हाईक दुकानात येऊन जीप मागत होते, पण त्याची गरज जीपची नव्हती. हा फरक ज्याने ओळखला त्याचा माल खपला.

टोयोटाने १९९४ साली आरएव्ही-४ ही छोटी गाडी मोटारीच्या बांधणीवर काढली होती. तोच मार्ग महाग गाडीसाठी वापरला. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात 'हॅरिअर' आणि १९९८ च्या सुरुवातीस अमेरिकेत आरएक्स ३०० या नावाने ती बाजारात आली. सहा सिलिंडरचे ३ लिटरचे इंजिन, २२० अश्वशक्ती. मर्सिडीझने १९९७ मध्येच एम-क्लास आणली होती, पण तिच्याखाली वेगळी चासी होती. आरएक्समध्ये बॉडी हीच चासी, म्हणजे मोनोकॉक बांधणी. अमेरिकेत पहिल्याच वर्षी ४० हजारांहून अधिक गाड्या गेल्या. १९९९ मध्ये बीएमडब्ल्यूनेही अशाच बांधणीची एक्स-५ काढली.

तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात

१) नवा माल म्हणजे सारेच नवे नव्हे. आरएक्सचा पाया कंपनीच्या कॅमरी मोटारीचा. हाताशी असलेले साचे आणि अनुभव कामी आणून खर्च आवरला. शिंप्याला नवा कपडा काढण्यासाठी नवे दुकान लागत नाही. जुन्या मापाची नवी बेतणी पुरते.

२) नाव आधी कमवावे लागते. लेक्ससची पहिली गाडी एलएस ४०० ही १९८९ साली अमेरिकेत आली. मोजक्याच तक्रारी आल्या असताना कंपनीने विकलेल्या सुमारे ८ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत मागविल्या. अनेकांच्या घरून गाडी नेली, दुरुस्त केली आणि धुऊन परत पोहोचविली. तक्रार लपविणारा एक विक्री वाचवितो. तक्रार निस्तरणारा गिऱ्हाईक वाचवितो.

३) सवलतीचा हिशेब वेगळा मांडावा. अमेरिकन कायद्यानुसार तेव्हा कंपनीच्या मोटारींनी सरासरी एका गॅलनला २७.५ मैल देणे बंधनकारक होते. हलक्या ट्रकांना मात्र २०.७ मैल पुरत. अशा गाड्या ट्रकांत मोजल्या जात, त्याचा कंपन्यांना फायदा झाला आणि पेट्रोल अधिक जळाले. पण सवलत कायमची नसते. २००५ मध्ये लेक्ससने पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणारी आरएक्स ४००एच आणली. चालू माल खपत असतानाच पुढच्या मालाची तयारी करणे यालाच दूरदृष्टी म्हणावे.

गॅरेजवाल्या बंधूंसाठी

हा विषय आता आपल्या दारातलाच आहे. २०११ साली चाकणच्या कारखान्यातून महिंद्राची एक्सयूव्ही ५०० बाहेर पडली, तीही मोनोकॉक बांधणीची. त्यानंतर अशा गाड्या वाढतच गेल्या.

चासीच्या गाडीला अपघात झाला, तर बॉडीचा पत्रा ठोकून सरळ करता येतो; भार चासी पेलते. मोनोकॉक गाडीत फरशी, खांब आणि छप्पर मिळून भार पेलतात. त्यामुळे पत्रा वरून गुळगुळीत झाला तरी आतील मापे चुकलेली असू शकतात. मग चाके एका रेषेत राहत नाहीत, टायर झिजतात. आणखी एक धोका आहे. या गाड्यांच्या खांबांत पुष्कळदा जास्त ताकदीचे पोलाद असते. ते गॅसच्या ज्योतीवर लाल करून सरळ केले, तर त्याची ताकद कमी होते. रंग छान लागतो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण पुढच्या अपघातात तो खांब दगा देऊ शकतो. हा प्रश्न आत बसणाऱ्याच्या जिवाचा आहे.

म्हणून ज्यांच्या घरात डेंटिंगचे काम पिढीजात आहे, त्यांनी मुलांना हातोडीबरोबर मापाचे आणि स्पॉट वेल्डिंगचे शिक्षणही द्यावे. कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत कोणता भाग सरळ करावा आणि कोणता बदलावा, हे दिलेले असते. ते वाचता येणारा एक तरी मुलगा प्रत्येक गॅरेजात हवा. जे काम आपल्याला जमत नाही, ते गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगावे. एक काम हातचे जाईल, पण विश्वास राहील. आणि धंदा विश्वासावरच चालतो.