घरातील उपकरणांचा संवाद
एका खोलीतील संगणकात साठविलेला चित्रपट दुसऱ्या खोलीतील दूरचित्रवाणी संचावर पाहावयाचा, तर दोन्ही उपकरणांना एकच भाषा अवगत असावी लागते. ती ठरविण्यासाठी २००३ साली सोनी, इंटेल आदी कंपन्यांनी स्थापिलेली संघटना पुढे ‘डीएलएनए’ म्हणून ओळखली गेली. २०१७ साली ती विसर्जित झाली. तिची पद्धत मात्र टिकून आहे. संच घरच्या वायफाय जाळ्यावर पुकारा करतो. संगणक उत्तर देऊन आपली सूची पुढे ठेवतो. या व्यवहारात परवलीचा शब्द सहसा विचारला जात नाही. जाळ्यात आला तो घरचाच, असे गृहीत धरलेले असते. म्हणून पाहुण्याला या जाळ्यात प्रवेश देणे म्हणजे त्यावर ठेवलेली कौटुंबिक छायाचित्रेही त्याच्यापुढे उघडी करणे होय. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे राखणे यासाठीच इष्ट ठरते.