दगडावर चढणारा ट्रक: मुलाच्या हातून जुळणी आणि चाचणी

रिमोटच्या गाड्या दोन जातीच्या. काही पळतात, काही चढतात. चिंचपोकळीत पळणाऱ्या गाडीला जागा नाही; गल्लीत दुचाक्या उभ्या, फुटपाथवर माणसं, गॅलरीत कुंड्या आणि दोऱ्या. चढणाऱ्या गाडीला, म्हणजे रॉक क्रॉलरला, मात्र चार हात जागा आणि पाच-सहा दगड पुरतात. हा ट्रक माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालतो आणि स्वतःच्या चाकाएवढा दगड ओलांडतो. त्यात तोलाचं काम मोठं, ताकदीचं दुय्यम. आणि तोल जुळणीत घडतो. म्हणून तयार ट्रक न घेता सुट्या भागांचा संच घ्या आणि स्क्रू-ड्रायव्हर मुलाच्या हातात द्या. आपलं काम शेजारी बसण्याचं.

सुट्या भागांतून गाडी उभी करणं या भागाला नवं नाही. भायखळ्यापलीकडच्या माझगावात १९४९ साली महिंद्रांनी विलीज जीपची पहिली खेप जुळवली. भाग अमेरिकेहून पेट्यांतून आले, जोडणी इथल्या हातांनी झाली. दोन लांब पट्ट्यांची चॅसी, पुढेमागे अखंड ॲक्सल आणि चारही चाकांना जोर, ही त्या जीपची रचना. एकास दहा मापाच्या क्रॉलरमध्ये तीच असते. मुलाला हे आधी सांगा, म्हणजे आपण खेळणं नव्हे, यंत्र जोडतोय हे त्याला कळेल.

नऊ-दहा वर्षांचं मूल मोठ्यांच्या सोबतीने हे काम नीट करतं. जुळणी पावसाळ्यात घरात करा. गणपतीत रस्त्यावरच्या चाचणीचा विचारही नको. १९२० पासून बसणाऱ्या चिंचपोकळीच्या चिंतामणी गणपतीच्या आगमनाला इथे पाऊल टाकायला जागा नसते. दसऱ्याला इतर यंत्रांसोबत ट्रकलाही झेंडूचं फूल वाहा आणि कोरड्या दिवसांत चाचणी सुरू करा.

साहित्य

- एकास दहा मापाच्या क्रॉलरचा संच: चॅसी, दोन ॲक्सल, गिअरबॉक्स, लिंक, शॉक. दोन ॲक्सलमधलं अंतर साधारण ३१३ मिमी असलेला संच घेतला तर सुटे भाग सहज मिळतात.
- ५४० आकाराची ब्रश मोटर, ३५ ते ५५ टर्नची. टर्न जास्त तितकी मोटर हळू आणि हाताळायला सोपी.
- ड्रॅग ब्रेक असलेला स्पीड कंट्रोलर. हा ब्रेक नसेल तर बोट सोडताच ट्रक उतारावरून घरंगळतो.
- धातूच्या गिअरचा सर्वो, २० किलो-सेंमी ताकदीचा.
- २.४ गिगाहर्ट्‌झचा रिमोट आणि रिसीव्हर.
- मऊ रबराचे १.९ इंची टायर, आत फोम, आणि स्क्रूने आवळायच्या रिम.
- दोन सेलची लिपो बॅटरी (७.४ व्होल्ट, २२०० ते ३००० एमएएच) आणि बॅलन्स चार्जर. मूल लहान असेल तर सहा सेलची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी घ्या. ती जड असते, पण चुका जास्त सहन करते.

सर्वो, वायर, कनेक्टर आणि चार्जरसाठी लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाला जा. तीन मिमीचे ॲलन बोल्ट, नायलॉक नट आणि बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट. खरेदीला मुलाला सोबत न्या. नमुन्याचा बोल्ट दाखवून "असाच द्या" म्हणायला त्यालाच लावा.

हत्यारं

१.५, २ आणि २.५ मिमीचे षटकोनी ड्रायव्हर, ५.५ आणि ७ मिमीचे बॉक्स पाने, लांब तोंडाची पक्कड, निळं थ्रेडलॉक, ग्रीस, स्वयंपाकघरातला वजनकाटा, कडा असलेली स्टीलची थाळी, पांढरी चादर, एक वही. ड्रायव्हर चांगल्या पोलादाचे घ्या. स्वस्त ड्रायव्हर बोल्टचं डोकं खातो आणि मग तो बोल्ट मोठ्यांनाही निघत नाही.

जुळणीची कृती

१. चादर पसरा. संचातली एकच पिशवी फोडा आणि तिच्यातले भाग थाळीत मोजून घ्या. ती संपल्याशिवाय दुसरी फोडू नका. काळा स्क्रू काळ्यापांढऱ्या लादीवर पडला की सापडत नाही, म्हणून चादर.

२. ॲक्सल उघडून गिअरला ग्रीस लावा. दातांवर पातळ थर पुरे. बंद केल्यावर एका बाजूचा चाकाचा दांडा हाताने फिरवा. त्याच ॲक्सलचा दुसऱ्या बाजूचा दांडा त्याच दिशेने, तितकाच फिरला पाहिजे. क्रॉलरचा डिफरन्शियल कुलूपबंद असतो. मोटारीत वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं लागतं, म्हणून तिथे तो मोकळा ठेवतात. दगडावर मात्र एक चाक अधांतरी गेलं की मोकळा डिफरन्शियल सगळा जोर त्याच चाकात वाया घालवतो आणि जमिनीवरचं चाक गप्प राहतं.

३. धातूत जाणाऱ्या प्रत्येक बोल्टला थ्रेडलॉकचा लहानसा थेंब द्या. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या बोल्टला अजिबात नको, प्लास्टिकला तडे जातात. तिथे बोल्ट आधी उलटा फिरवून आटा बसल्याची बारीक टिक् जाणवू द्या, मग आवळा. डोकं टेकलं की थांबा. कुठे थांबायचं हे मुलाच्या मनगटाला इथेच कळू लागतं.

४. लिंक, म्हणजे ॲक्सलला चॅसीशी जोडणारे दांडे, जोडण्याआधी जोडीजोडीने शेजारी धरून लांबी तपासा. डावीउजवीकडची लिंक मिलिमीटरभर जरी कमीजास्त असली तरी ॲक्सल तिरका बसतो आणि ट्रक एका बाजूला ओढतो.

५. ड्राइव्हशाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत ठेवा. एक आडवा आणि एक उभा राहिला तर शाफ्ट धक्के देत फिरतो.

६. शॉकमध्ये सिलिकॉन तेल भरा, पिस्टन सावकाश वरखाली करा आणि बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत थांबा. बुडबुडा आत राहिला तर शॉक पचपच आवाज करतो. ट्रक स्वतःच्या वजनाने शॉकच्या चालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा खाली बसला की स्प्रिंग योग्य.

७. मोटर बसवताना तिचा लहान गिअर आणि शेजारचा मोठा गिअर यांच्यामध्ये वर्तमानपत्राची पट्टी घाला, दोन्ही एकमेकांवर दाबा, बोल्ट आवळा आणि पट्टी फिरवून बाहेर काढा. कागदाएवढी फट राहिली की दात घासत नाहीत आणि सुटतही नाहीत. पुढे चाकं बसली की एका चाकावर खडूने खूण करा. मुलाला चाक एक फेरा फिरवायला सांगा आणि मोटरच्या गिअरचे फेरे मोजा. साधारण तीस ते चाळीस भरतील. मोटरचा वेग देऊन जोर कसा मिळतो, हे त्याने बोटाने मोजलेलं असेल.

८. सर्वोचा हात लावण्याआधी रिमोट आणि रिसीव्हर चालू करून सर्वो मधोमध येऊ द्या. मगच हात सरळ बसवा. हा क्रम चुकला तर स्टीअरिंग एका बाजूला कमी वळतं. पूर्ण वळवल्यावर सर्वो गुणगुणत राहिला तर रिमोटवरून त्याची हद्द थोडी कमी करा.

९. टायरमध्ये फोम घालून रिमचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा, ओळीने नको. चाकाचा नट शेवटी.

१०. बॅटरी शक्य तितकी खाली आणि पुढे बसवा. वायर शाफ्टपासून दूर बांधा.

चाचणीची कृती

*पहिली, अधांतरी.* चॅसीखाली डबा ठेवून चारही चाकं उचला. आधी रिमोट, मग ट्रक चालू करा. बंद करताना आधी ट्रक, मग रिमोट. कंट्रोलर लिपोवर ठेवलाय का ते पाहा आणि ड्रॅग ब्रेक पूर्ण करा. पाच मिनिटं अगदी हळू चालवा. पुढची आणि मागची चाकं एकाच दिशेने फिरतात ना, हे मुलाने खाली वाकून पाहायचं.

*दुसरी, वजनकाटा.* पुढची चाकं काट्यावर आणि मागची काट्याच्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवून वजन घ्या. मग उलट करा. एकूण वजनाचा ५५ ते ६० टक्के भाग पुढे हवा. ट्रक २४०० ग्रॅमचा असेल तर पुढे १३२० ते १४४० ग्रॅम. चढावर भार मागे सरकतो, म्हणून सपाटीवर तो पुढे ठेवायचा. कमी पडलं तर टायरच्या दुकानात बॅलन्सिंगच्या चिकटपट्ट्या मिळतात; लोखंडी मागा, मुलाच्या हातात शिसं नको. त्या पुढच्या रिमच्या आत चिकटवा. चाकातलं वजन जमिनीलगत राहतं, छतावरचं ट्रक उलटवतं.

*तिसरी, फळी.* ६० सेंमी लांब फळीवर ट्रक आडवा उभा करा. फळीची एक कड जमिनीवर टेकवून दुसरी हळूहळू उचला. उचललेलं टोक ३० सेंमीवर गेलं की कोन ३० अंश, साधारण ४२ वर ४५ अंश, ५२ वर ६० अंश. ट्रक कोणत्या उंचीला कलंडतो ते वहीत लिहा. मुलाचा हात खाली झेलायला असू द्या. मग ट्रक उभा ठेवून, तोंड वर करून हेच पुन्हा करा. बॅटरीची जागा बदलल्यावर आकडा किती सरकतो, ते मुलाला आधी ओळखायला सांगा आणि मग मोजा.

*चौथी, पायरी.* सुरुवात उंबरठ्यापासून. मग एकावर एक पुस्तकं रचून उंची वाढवत जा. चाळीच्या जिन्याची पायरी बहुधा पंधरा-सतरा सेंमीची, म्हणजे या मापाच्या ट्रकपुढे माणसाच्या उंचीची भिंत. टायर स्वतः बारा सेंमीच्या आसपास. सरळ पायरी चढली नाही तर तिच्यापुढे एक वीट ठेवा आणि तिरक्या वाटेने नेऊन पाहा. जिन्यावर वर्दळ नसेल तेव्हाच, शेजाऱ्यांना विचारून.

*पाचवी, दगड.* जवळपास बांधकाम सुरू असेल तर मुकादमाला विचारून थोडं डबर मागून घ्या. मुंबईचा काळा दगड खरखरीत असतो, मऊ टायर त्याला छान धरतो. गच्चीवर दुहेरी गोणपाट पसरून त्यावर दगड मांडा, म्हणजे वॉटरप्रूफिंगला धक्का लागत नाही. दगड हलणार नाहीत असे रुतवा. मुलाच्या पायांत बूट हवेतच. आता नियम एकच: ट्रक अडला की लगेच हाताने उचलायचा नाही. मूल विचारेल, "बाबा, आता कुठून नेऊ?" तेव्हा सांगा, "खाली बस, चाकाच्या उंचीवरून बघ आणि तूच सांग." कोणतं चाक टेकलंय, कोणतं अधांतरी, पोट कुठे अडकलंय, हे त्याला दिसू लागेल. मग थोडं मागे, थोडं वळण, पुन्हा पुढे.

या सगळ्यात एका वेळी एकच बदल करा. स्प्रिंग, वजन आणि टायरचा फोम एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. वहीत तीन रकाने पुरतात: काय बदललं, काय होईल असं वाटलं, काय झालं. मधला रकाना मुलाने चाचणीआधी भरायचा. या कृतीत कोणतीही पायरी गाळायची वेळ आली तरी ही गाळू नका.

बिघडलं तर

- पुढची आणि मागची चाकं विरुद्ध फिरतात: एक ॲक्सल उलटा जुळलाय. उघडून मोठा गिअर दुसऱ्या बाजूला बसवा.
- ट्रक उलटा जातो: ब्रश मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा.
- स्टीअरिंग उलटं: रिमोटवरचा रिव्हर्सचा खटका बदला.
- कटकट आवाज: मोटरच्या गिअरचा बारीक स्क्रू सैल आहे का पाहा, मग कागदाच्या पट्टीची पायरी पुन्हा करा.
- मोटरवर पाच सेकंद बोट टेकवत नाही: थांबा, गार होऊ द्या. पुन्हा तसंच झालं तर मोटरचा गिअर कमी दातांचा लावा.

बॅटरी आणि निगा

लिपोचं काम मोठ्यांनीच करायचं. लादीवर ठेवून, समोर बसून चार्ज करा. गादीवर किंवा रात्रभर कधीही नाही. २२०० एमएएच बॅटरीला २.२ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देऊ नका. भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट, वापरताना ३.२ च्या खाली नाही, आठवडाभर ठेवायची असेल तर ३.८. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही आणि घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही. ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

गिरगाव चौपाटीच्या वाळूत ट्रक नेऊ नका. ओली खारट वाळू बेअरिंगमध्ये शिरली की ती धरतात. आपल्याकडची दमट हवाही बोल्टना गंज आणते, म्हणून चाचणीनंतर ब्रशने धूळ झाडा, बोल्टवर तेलाचा हलका हात फिरवा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

गच्चीवरचे दगड सोपे वाटू लागले की पावसाळा संपल्यावर एका रविवारी कर्जतला जा. चिंचपोकळीला फक्त धिम्या गाड्या थांबतात, तेव्हा दादरला उतरून कर्जत लोकल धरा. उल्हास नदीच्या काठी पाण्याने गुळगुळीत झालेले गोटे आहेत. गच्चीवरच्या खरखरीत डबरावर जमलेली मांडणी तिथे घसरेल. पाण्यापासून दूर, कोरड्या गोट्यांवर चालवा. फोम आणि वजन पुन्हा ठरवा. वही सोबत न्या, आणि पहिला बदल कोणता करायचा ते मुलाला ठरवू द्या.