आजारी पिल्लू आणि शेजारधर्म



हा धडा कुत्र्याच्या पिल्लांवर आहे. आपण म्हणाल, गुरुजींना दुसरे काही सुचले नाही काय? पण धडा शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा. यात एक चूक सांगितली आहे. ती दुसऱ्या कोणाची नाही. ती आमचीच आहे.

आमची चूक

इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या अंगाला आमची वस्ती आहे. एका वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या गोठ्यामागे, कडब्याच्या गंजीखाली एक कुत्री व्याली. पाच पिल्ले झाली. कुत्री कोणा एकाची नव्हती, साऱ्या वस्तीची होती. कोणी भाकरी टाकी, कोणी ताक घाली.

दीड महिन्यात पिल्ले अंगणभर धावू लागली. मग एके सकाळी काळे पिल्लू कोपऱ्यात पडून राहिले. दुधाला तोंड लावीना. दुपारी ते ओकले. आम्ही म्हणालो, "काहीतरी खाल्ले असेल. उद्या बरे होईल." बाकीची चार मजेत खेळत होती.

त्याच दिवशी पिल्ले मागायला माणसे आली. ऊसतोडीच्या टोळीतला एक मुलगा एक पिल्लू घेऊन गेला. एक शेजारच्या वस्तीवर गेले. एक आमच्या लेकीकडे बारामतीला गेले. चौथे एका धनगर आजीने राखणीसाठी मेंढवाड्यावर नेले. आम्हांला बरे वाटले. पिल्लांना घरे मिळाली, आपल्या हातून पुण्य झाले, असे मनात आले.

काळ्या पिल्लाला रात्री ढाळ लागले. दुसऱ्या दिवशी ढाळेतून रक्त पडू लागले. फार घाण वास येत होता. तिसऱ्या दिवशी ते मेले. आठवडा झाला नाही तोच दिलेल्या चारांपैकी तीन पिल्ले गेली. फक्त बारामतीचे वाचले, कारण लेकीने त्याला पहिल्या उलटीलाच डॉक्टरांकडे नेले होते.

पुढे बाजाराच्या दिवशी ती धनगर आजी भेटली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, तुमचं पिल्लू गेलं. जाताना माझी दोन घेऊन गेलं. आता राखणीला कुत्रं न्हाई. रातच्याला लांडगं येत्यात."

आम्ही मान खाली घातली. आम्ही पिल्लू दिले नव्हते. आम्ही रोग दिला होता.

हा रोग कोणता?

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आम्ही सारी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "गुरुजी, हा पार्वो असणार." पार्वो हा विषाणूचा रोग आहे. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा फार बारीक रोगजंतू. कुत्र्यांचा हा रोग जगात 1978 च्या सुमारास प्रथम ओळखू आला आणि थोड्याच काळात सगळीकडे पसरला.

पार्वो आजारी पिल्लाच्या विष्ठेतून पसरतो. विष्ठेचा कण जमिनीला लागतो. पोत्याला, ताटलीला, आपल्या वहाणेला आणि हाताला लागतो. तेथून तो दुसऱ्या पिल्लाच्या तोंडात जातो. रोग शिरल्यावर तीन ते सात दिवस पिल्लू वरून चांगले दिसते. कधी याहूनही जास्त दिवस जातात. म्हणूनच आमची चार पिल्ले खेळत होती. ती निरोगी नव्हती. रोग त्यांच्या पोटात होता, बाहेर दिसत नव्हता.

दुसरा रोग डिस्टेंपर. यात पिल्लाला ताप येतो. डोळ्यांना चिपडे येतात, नाक गळते, खोकला होतो. पुढे अंगाला झटके येतात, पाय लटपटतात. हा रोग खोकल्या-शिंकेतून, हवेतून पसरतो. माणसाचा गोवर, शेळ्या-मेंढ्यांचा पी.पी.आर. आणि गुरांची बुळकांडी हे सारे याच रोगाचे भाऊबंद. बुळकांडीने गोठेच्या गोठे कसे रिकामे होत, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. लस टोचून टोचून माणसाने ती बुळकांडी नाहीशी केली. 2011 साली सारे जग तिच्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. लसीचे बळ एवढे मोठे आहे.

पार्वो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे रोग माणसाला होत नाहीत. पण पिल्लाच्या पोटातले जंत आणि अंगावरची खरूज माणसाला लागू शकते. म्हणून पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. मुलांना तर ही सवय लावावीच.

संशय आला की काय करावे?

रोगाची खात्री डॉक्टर करतील. आपण संशयावरच सावध व्हायचे.

पहिली गोष्ट : आजारी पिल्लू वेगळे ठेवा. उबदार, कोरड्या जागी ठेवा. त्याची ताटली आणि पोते वेगळे ठेवा.

दुसरी गोष्ट : त्याच्याबरोबरची बाकी पिल्लेही कोणाला देऊ नका. ती धडधाकट दिसली तरी देऊ नका. निदान चौदा दिवस वाट पाहा. कोणी मागायला आले तर खरे सांगा. "आमच्याकडे आजार आहे" असे सांगण्यात कमीपणा नाही. लपवण्यात आहे.

तिसरी गोष्ट : त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. गुरांचा दवाखाना दूर असेल तर 1962 या क्रमांकावर फोन करा. पिल्लू नेताना झाकलेल्या टोपलीत न्या. आधी टोपली बाहेर ठेवा आणि आत जाऊन सांगा, "पिल्लाला लागट रोगाचा संशय आहे." दवाखान्यात दुसऱ्यांची जनावरे असतात.

चौथी गोष्ट : माणसांच्या गोळ्या देऊ नका. ताप उतरवण्याची आपली साधी गोळीसुद्धा कुत्र्याला विष ठरू शकते. या विषाणूला ठार मारणारे सोपे औषध नाही. ढाळ-उलटीने अंगातले पाणी जाते आणि त्यानेच पिल्लू मरते. डॉक्टर सलाईन देतात, उलटी थांबवतात आणि दुसरे जंतू वाढू नयेत म्हणून इंजेक्शन देतात. लवकर नेले तर पुष्कळ पिल्ले वाचतात. उशीर झाला तर हात चोळावे लागतात.

पाचवी गोष्ट : आधी निरोगी पिल्लांचे खाणे-पिणे करा. आजाऱ्याकडे शेवटी जा. परत आल्यावर हातपाय धुवा आणि वहाणा बदला.

पिल्लू बरे झाले तरी लगेच मोकळे सोडू नका. बरे झाल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून रोग पसरू शकतो. कधी सोडावे ते डॉक्टरांनाच विचारा.

चावले किंवा ओरखडले तर

एक गोष्ट जिवाची आहे. ती दोनदा वाचा.

डिस्टेंपरचे झटके आणि पिसाळण्याची लक्षणे कधी कधी सारखी दिसतात. पिसाळण्याचा रोग लहान पिल्लालाही होतो. "पिल्लूच तर आहे" असे म्हणून गाफील राहू नका. लाळ गळणाऱ्या, झटके येणाऱ्या पिल्लाच्या तोंडात पाणी किंवा औषध घालायला जाऊ नका. मुलांना लांब ठेवा.

पिल्लू चावले, ओरखडले, किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मांत्रिकाकडे जाऊ नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि लस घ्या. डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना जा. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, म्हणून लोक भीत. आता ती दंडावर देतात आणि थोडीच असतात. हा रोग एकदा अंगात दिसू लागला की माणूस बहुधा वाचत नाही. त्याआधी लस घेतली तर वाचतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी 1885 साली नऊ वर्षांच्या एका मुलाला पिसाळलेला कुत्रा चावल्यावर ही लस प्रथम टोचली. तो मुलगा जगला.

जागा कशी स्वच्छ करावी?

आम्ही जागेवर फिनेल ओतले आणि निश्चिंत झालो. ही आमची दुसरी चूक. पार्वोचा विषाणू फिनेलला दाद देत नाही. तो मातीत कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो.

त्यावर उपाय आपल्या ग्रामपंचायतीत आहे. पाण्यात टाकतात ती टी.सी.एल. पावडर. दहा लिटरच्या बादलीत शंभर ग्रॅम ताजी पावडर घाला. पण आधी हाताला पिशवी बांधून विष्ठा उचला आणि खोल पुरा. जागा साबणाने धुवा. मगच हे पाणी ओता आणि पंधरा मिनिटे राहू द्या. घाणीवरच ओतले तर पावडरीचा जोर जातो. नाकातोंडावर फडके बांधा. ही पावडर अॅसिडमध्ये किंवा दुसऱ्या औषधात कधीही मिसळू नका, विषारी वाफ निघते. पोते आणि चिंध्या जाळून टाका.

ज्या अंगणात पार्वोने पिल्लू मेले, तेथे वर्षभर लस न टोचलेले पिल्लू आणू नका.

पिल्लू मेले तर

मेलेले पिल्लू कालव्यात टाकू नका. त्या कालव्याचे पाणी पुढची गावे वापरतात. उकिरड्यावरही टाकू नका, दुसरी कुत्री ते ओढून नेतील. विहीर-ओढ्यापासून दूर खोल खड्डा खणा, पुरा आणि वर दगड ठेवा.

आजारी पिल्ले पोत्यात घालून बुडवणे किंवा विष घालणे हा तर गुन्हाच आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास बंदी करणारा कायदा 1960 साली झाला. पिल्लू वाचणारच नसेल तर काय करायचे, ते डॉक्टर ठरवतील.

माळावरचे शेजारी

आपल्या बारामती-इंदापुरात नुसता ऊस नाही. शिर्सुफळ, कडबनवाडी अशा भागांत गवताळ माळ आहेत. तेथे लांडगा, खोकड, तरस राहतात. लांडगा आणि खोकड कुत्र्याच्याच कुळातले आहेत. कुत्र्याचा रोग त्यांनाही लागतो. गावातले आजारी पिल्लू माळावर नेऊन सोडले तर रोग तेथे पोचतो. सोलापूरजवळ नान्नज भागात अभ्यासकांनी कुत्र्यांचे रक्त तपासले. बहुतेक कुत्र्यांना पार्वो आणि डिस्टेंपर कधी ना कधी गाठून गेल्याची खूण रक्तात मिळाली. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या रानात 1994 साली डिस्टेंपरने सुमारे एक हजार सिंह मेले. आपल्या गीरच्या जंगलातही 2018 साली मेलेल्या काही सिंहांच्या शरीरात हाच विषाणू सापडला. सिंहाला जो लोळवतो, तो आपल्या अंगणातल्या पिल्लाला काय सोडणार?

शेतात किंवा ओढ्याच्या काठी बिळाशी पिल्ले दिसली तर कुत्र्याची समजून उचलू नका. ती लांडग्याची असू शकतात. आई जवळच असते. लांडग्याला 1972 च्या कायद्याने संरक्षण आहे. पिल्ले आजारी वाटली तर वन खात्याला 1926 या क्रमांकावर कळवा.

लस हाच खरा उपाय

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पार्वो-डिस्टेंपरची लस द्यावी. मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, असे पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत करावे. एकाच टोचणीवर थांबू नये. तीन महिन्यांचे झाल्यावर पिसाळण्याची लसही द्यावी. पुढच्या तारखा डॉक्टर सांगतील. खर्च एकाला झेपत नसेल तर वस्तीने वर्गणी काढावी. राखण साऱ्या वस्तीची होते, मग खर्च एकट्याने का सोसावा?

नामदेव महाराजांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकली आहे. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी पोळी खाऊ नको, म्हणाले. आपल्याला तेवढे साधले नाही तरी चालेल. लसीसाठी दवाखान्यापर्यंत चालत जाणे तरी साधावे.

पुढच्या वर्षी आम्ही एक पिल्लू वाढवले. त्याला सर्व लसी दिल्या. ते पाच महिन्यांचे झाल्यावर आम्ही स्वतः मेंढवाड्यावर गेलो. सोबत लसीचा कागदही नेला. आजीला वाचता येत नाही. तिची नात प्रौढ वर्गात येते. तिने तो कागद अक्षर अक्षर लावून आजीला वाचून दाखवला. आजीने पिल्लाच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "आता बसा गुरुजी. चहा घ्या."

विचार करा आणि सांगा

1. खेळणारी चार पिल्ले निरोगी का नव्हती?
2. जागेवर नुसते फिनेल ओतून का भागत नाही?
3. पिल्लू चावल्यावर सर्वांत आधी काय करावे?
4. मेलेले पिल्लू कालव्यात टाकले तर कोणाचे नुकसान होते?
5. तुमच्या वस्तीवर किती कुत्री आहेत? त्यांतल्या कितींना लस दिली आहे? मोजा आणि वहीत लिहा.