उत्तरायण नेमके कधी? पृथ्वीच्या गती आणि आपला संकल्प

कोणत्याही अनुष्ठानाच्या आरंभी आपण संकल्प करतो. त्यात संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार यांचा क्रमाने उच्चार होतो. हा उच्चार आपल्याला इतका तोंडपाठ असतो की त्यातील शब्दांच्या अर्थाकडे लक्षच जात नाही. बालसंस्कार वर्गातली मुले मात्र अर्थ विचारतात. शाळेच्या पुस्तकात लिहिलेले असते की सूर्य 22 डिसेंबरला उत्तरेकडे वळतो, आणि वर्गात आपण सांगतो की तो मकर संक्रांतीला वळतो. मग खरे काय? "दोन्ही बरोबर," असे सांगून आपण पुढच्या विषयाकडे वळतो. मुलाचे समाधान होत नाही, आणि ते होऊही नये, कारण हे उत्तर नसून टाळाटाळ आहे. साधकाने हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. त्यासाठी पृथ्वीच्या तीन गती पाहाव्या लागतील.

पहिली गती: दिवस

पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे 1,670 किलोमीटर आहे. नागपूरच्या अक्षांशावर तो सुमारे 1,560 भरतो. आपण सकाळी अर्घ्य देण्यास उभे राहतो तेव्हा सूर्य वर येत नसतो, आपली भूमी त्याच्याकडे वळत असते. आर्यभटांनी इ.स. 499 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, हेच नावेच्या दृष्टान्ताने सांगितले: पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्यांनी दिलेल्या आकड्यांवरून पृथ्वीची एक फेरी 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांची येते, आणि आजचे मापही तेच आहे. मग आपला दिवस 24 तासांचा कसा? एक फेरी होईपर्यंत पृथ्वी आपल्या कक्षेत जवळजवळ एक अंश पुढे गेलेली असते, म्हणून पुन्हा सूर्यासमोर येण्यास तिला आणखी सुमारे चार मिनिटे वळावे लागते.

येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. आपले साधक देशभर पसरलेले आहेत. केवळ रेखांशाच्या फरकामुळे कोलकाता आणि द्वारका यांच्या सूर्यवेळेत सव्वा तासाहून अधिक अंतर पडते. म्हणून प्रातःसंध्येसाठी आपल्याच गावचा सूर्योदय पाहावा. दुसऱ्या शहराचे वेळापत्रक मोबाईलवर आले म्हणून ते पाळणे बरोबर नव्हे.

दुसरी गती: वर्ष आणि ऋतू

पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि ऋतूंचे एक चक्र 365 दिवस 5 तास 48 मिनिटे 45 सेकंदांत पूर्ण होते. सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि दूर गेला की हिवाळा, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, सुमारे 14 कोटी 70 लाख किलोमीटरवर. त्याच दिवसांत काशीला गंगास्नान करणारा थंडीने कुडकुडत असतो! सर्वांत दूर ती जुलैच्या आरंभी असते, सुमारे 15 कोटी 20 लाख किलोमीटरवर.

ऋतूंचे खरे कारण पृथ्वीच्या आसाचा कल हे आहे. आस सुमारे 23.4 अंशांनी कललेला असून वर्षभर तो जवळजवळ एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये विरुद्ध बाजूला. झुकलेल्या बाजूला किरण अधिक सरळ पडतात आणि दिवसही मोठा होतो. पुण्यात सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा व सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. हरिद्वारला हेच आकडे सुमारे सव्वादहा आणि 14 असे आहेत. पावसाळ्याचे मूळही यातच आहे. उत्तरेकडे आलेल्या सूर्याने भारताची भूमी समुद्रापेक्षा लवकर तापते आणि सागरावरचे आर्द्र वारे तिच्याकडे खेचले जातात.

आस सूर्यापासून जास्तीत जास्त दूर झुकलेला असण्याचा क्षण 21 किंवा 22 डिसेंबरला येतो. त्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य आकाशात सर्वांत दक्षिणेला असतो आणि तेथून तो उत्तरेकडे परतू लागतो. 'उत्तर' आणि 'अयन' या दोन शब्दांचा सरळ अर्थ एवढाच आहे. तेव्हा मुलाचे पुस्तक बरोबर आहे.

तिसरी गती: संक्रांत सरकते

मग संक्रांतीचे काय? भोवरा फिरता फिरता त्याची अणी संथपणे गोल डोलू लागते, हे आपण पाहिले आहे. पृथ्वीचेही तसेच होते. ती विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे. तेथील तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे 43 किलोमीटरने जास्त आहे. त्या फुगवट्यावर चंद्र-सूर्याची ओढ लागते आणि आस सुमारे 25,800 वर्षांत एक डोलणे पूर्ण करतो. यालाच आपल्याकडे अयनचलन म्हणतात.

याचा परिणाम असा की ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठे भरते. वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण साधारण 71 वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. आपली मकर संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून मोजलेल्या राशीची आहे. सुमारे 1,700 वर्षांपूर्वी निरयन मकरप्रवेश आणि उत्तरायण एकाच वेळी होत असत. आज त्यांत साधारण 24 दिवसांचे अंतर पडले आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि ती तारीख होती 12 जानेवारी 1863. आज संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते. आणखी हजार वर्षांनी ती जानेवारीच्या अखेरीस जाईल.

असे सांगितले की काही साधक अस्वस्थ होतात. परंपरा चुकली असे म्हणायचे का, असे विचारतात. उलट आहे. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितला आहे. आज सूर्य तेथे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. म्हणजे त्या काळच्या लोकांनी सूर्य कोठून वळतो हे प्रत्यक्ष पाहिले आणि त्या वेळी तेथे जे नक्षत्र होते ते लिहून ठेवले. पुढच्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा ते स्थान मकरारंभी आलेले होते. पाहण्याची ही परंपरा आपण सोडली आणि फक्त नाव धरून बसलो. शरपंजरी पडलेले भीष्म ज्याची वाट पाहत होते ते सूर्याचे वळणे होते.

महाराष्ट्रात या विषयावर मोठा वाद होऊन गेला आहे. 1896 मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित स्वतः सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते. पुढे 1952 मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात पौषाची पहिली तारीख 22 डिसेंबरला येते. धार्मिक सणांसाठी मात्र समितीनेही निरयन गणनाच ठेवली.

तेव्हा वर्गात काय सांगावे? माझे मत असे आहे: संक्रांत संक्रांतीलाच करावी, तिळगूळ वाटावा, दान द्यावे. तो सूर्याच्या निरयन मकर राशीतील प्रवेशाचा सण आहे. पण "आज सूर्य उत्तरेकडे वळला" असे त्या दिवशी मुलांना सांगू नये. संकल्पातील अयनाबाबत आपापल्या गुरुपरंपरेप्रमाणे चालावे, मात्र आपण कोणत्या गणनेने बोलत आहोत हे उच्चारणाऱ्याला ठाऊक असावे. घरच्या पंचांगातील डिसेंबरचे पान उघडा; 21-22 तारखेपाशी 'सायन मकर' किंवा 'उत्तरायणारंभ' अशी नोंद बहुधा सापडेल.

एक शंका पहाटे उठणाऱ्या साधकांकडून येते. "22 डिसेंबरनंतरही सूर्योदय उशिराच होत जातो, संक्रांतीनंतर तो लवकर होऊ लागतो. मग संक्रांतच खरी नाही का?" निरीक्षण अचूक आहे. पुण्यात 21 डिसेंबरला सूर्य सुमारे 7 वाजून 3 मिनिटांनी उगवतो आणि जानेवारीच्या मध्यास सुमारे 7 वाजून 10 मिनिटांनी. पण सूर्यास्त त्याहून अधिक पुढे गेलेला असतो, म्हणजे दिवस वाढलेलाच असतो. या दिवसांत पृथ्वी सूर्याजवळ असल्याने कक्षेत वेगाने धावते. त्यात आसाच्या कलाचीही भर पडते. त्यामुळे घड्याळाच्या मानाने माध्यान्ह रोज सुमारे अर्ध्या मिनिटाने पुढे सरकते आणि आपल्याबरोबर सूर्योदयालाही पुढे ओढते.

म्हणून सूर्योदयाची वेळ न पाहता माध्यान्हीची सावली पाहावी. एक मीटर उंचीची सरळ काठी सपाट गच्चीवर उभी रोवा. दुपारी 12 ते 1 च्या दरम्यान दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करा आणि त्यांतली सर्वांत आखूड सावली मोजून वहीत लिहा. 10 डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत जमेल त्या दिवशी हे मुलांकडून करवून घ्या. 21-22 डिसेंबरला ही सावली पुण्यात सुमारे 90 सेंटिमीटर, इंदूरला 104 आणि हरिद्वारला 135 भरेल. 14 जानेवारीला पुण्याची मुले 83 लिहितील, हरिद्वारची 125.