देहातील यंत्रे आणि मेंदूची काटकसर
(अभ्यासलेख)

अहवालात जमाखर्चाबरोबरच वैद्यकशास्त्रातील एखाद्या नव्या विषयाची ओळख करून द्यावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत. विषय आहे मेंदूच्या कार्यपद्धतीवर बेतलेले, म्हणजेच न्यूरोमॉर्फिक, संगणन आणि शरीरावर वा शरीरात बसविण्याच्या उपकरणांतील त्याचा संभाव्य उपयोग.

या उपकरणांपुढील पहिला प्रश्न विजेचा आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे डॉ. आके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात पेसमेकर बसविला. संपूर्णपणे शरीरात बसविलेला तो जगातील पहिला पेसमेकर. तो काही तासांतच बंद पडला. लार्सन २००१ पर्यंत जगले, परंतु त्यासाठी त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले. आजचा पेसमेकर साधारण ८ ते १२ वर्षे चालतो. तथापि त्याची बॅटरी सीलबंद असते. ती संपली की यंत्रच बदलावे लागते व रुग्णास पुन्हा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागते. शिवाय अधिक वीज म्हणजे अधिक उष्णता, आणि ती भोवतालच्या पेशींना सोसत नाही.

मेंदूची रीत

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असून त्यांचा कारभार अवघ्या २० वॅटवर, म्हणजे एका एलईडी ट्यूबइतक्या विजेवर चालतो. नेहमीच्या संगणकात माहितीचा साठा एकीकडे व गणना दुसरीकडे असते. त्यांमधील ये-जा बरीच वीज खाते. मेंदूत ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी होतात आणि कारण असेल तेव्हाच चेतापेशी संदेश पाठविते. दर मिनिटास नोंदवहीत ‘सर्व ठीक’ लिहिणारा कारकून आणि काही घडले तरच हाक देणारा पहारेकरी, यांत जो भेद तोच येथे आहे. अमेरिकेतील कॅलटेक संस्थेचे कार्व्हर मीड यांनी १९८०च्या दशकात या विचाराचा पाया घातला. आयबीएमने २०१४ साली सादर केलेल्या ट्रूनॉर्थ चिपमध्ये १० लाख कृत्रिम चेतापेशी होत्या. ती सुमारे ७० मिलिवॅटवर चाले.

वैद्यकीय उपयोगाचे उदाहरण झुरिचचे आहे. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील पूर्वनोंदित विद्युत्‌लहरींमधून विशिष्ट अतिजलद स्पंदने ओळखण्याचे काम तेथील संशोधकांनी अशा चिपकडून करून घेतले. ते २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यास एका मिलिवॅटहूनही कमी वीज पुरली. मनगटावरील उपकरणांनाही हे तंत्र लाभले, तर ती वारंवार चार्ज करावी लागणार नाहीत आणि रुग्णाची माहिती बाहेर न पाठविता देहावरच तपासता येईल. मात्र हे कार्य अद्याप मुख्यत्वे प्रयोगशाळेत आहे. आज रुग्णांना बसविले जाणारे पेसमेकर या प्रकारचे नाहीत, हे स्पष्ट करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

विश्वस्तांनी व दात्यांनी काय पाहावे?

यंत्राची खरेदी हिशेबात एकदाच दिसते. ते बदलण्याचा खर्च काही वर्षांनी पुन्हा उभा राहतो. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी लागते, आणि निर्धन रुग्णाच्या शरीरात बसविण्याच्या साधनांचा भार याच निधीवर पडतो. एक शस्त्रक्रिया टळली, तर त्या रुग्णाचा त्रास वाचतो आणि दुसऱ्या गरजूस उपचार मिळू शकतात. म्हणून ‘बुद्धिमान’ म्हणविणारे कोणतेही उपकरण स्वीकारण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत :

१. बॅटरी किती वर्षे चालेल व बदलण्याचा एकूण खर्च किती?
२. खरा धोका किती वेळा हुकला, खोटा इशारा किती वेळा दिला, आणि ही चाचणी कोणत्या रुग्णांवर झाली?
३. नोंदी कोठे साठविल्या जातात व त्या कोण पाहू शकतो?
४. उत्पादक कंपनी बंद पडल्यास देखभाल कोण करील?

रुग्णांच्या नातेवाइकांनीही हे प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावेत. नव्या तंत्राचे आम्ही स्वागतच करू. परंतु आपण विश्वासाने दिलेल्या देणगीतून काही घेताना या चार प्रश्नांची लेखी उत्तरे आधी मागू.